मुंबईला रेक पुरत का नाहीत?

फलाटावर गर्दी वाढली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, एवढी माणसं आहेत, तर गाड्या वाढवत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पैसे नाहीत म्हणून वाढवत नाहीत, हे त्याचं अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं समजायचं, तर फेरी आणि रेक यांतला फरक आधी नीट कळायला हवा. इंडिकेटरवर '८.२७ विरार फास्ट' म्हणून झळकते ती फेरी. ती फेरी ज्या सलग जोडलेल्या डब्यांनी पार पडते, तो रेक. मध्य रेल्वे दिवसाला साधारण १,८०० आणि पश्चिम रेल्वे साधारण १,४०० लोकल फेऱ्या चालवते. रेक मात्र त्यांच्या तुलनेत अगदी थोडे असतात. एकच रेक सकाळी कुठे तरी बाहेर पडतो आणि रात्रीपर्यंत फेऱ्या मारत राहतो. कुठला रेक कुठली फेरी करून पुढे कुठल्या फेरीला लागणार, याची साखळी आधीच बांधलेली असते. रेल्वेत तिला 'रेक लिंक' म्हणतात. म्हणूनच सकाळी कल्याणजवळ एक रेक अडकला, की संध्याकाळपर्यंत त्याच्या पुढच्या फेऱ्या हिंदकळत राहतात आणि कुर्ल्याच्या माणसाला त्याचं कारण कधीच कळत नाही.

आधी रेकच्या पोटात काय असतं ते पाहू. लोकलला वेगळं इंजिन नसतं. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. तेव्हापासून आजपर्यंत पद्धत तीच आहे. गाडी ओढणाऱ्या मोटरी काही डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात. बारा डब्यांची लोकल म्हणजे खरं तर तीन-तीन डब्यांचे चार संच. प्रत्येक संचात एक मोटर डबा. त्याच्याच डोक्यावर पेंटाग्राफ असतो आणि तो वरच्या तारेतून वीज घेतो. बाकीचे डबे नुसते ओढले जाणारे. याचा एक मोठा फायदा असा, की एका संचातल्या मोटरी बंद पडल्या तरी उरलेल्या संचांच्या जोरावर गाडी रखडत का होईना, पुढे जाऊ शकते. दुसरा फायदा शेवटच्या स्थानकावर. मोटरमनची केबिन दोन्ही टोकांना असल्यामुळे चर्चगेटला इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायची भानगड नाही. मोटरमन बदलला, की गाडी उलटी निघाली.

मोटर डब्यात पूर्वी विजेच्या उपकरणांची एक बंदिस्त खोलीच असायची. त्यामुळे त्या डब्यात माणसं कमी मावायची. नंतरच्या वातानुकूलित म्हणजे एसी रेकमध्ये हीच उपकरणं डब्याखाली नेली, म्हणजे तेवढी जागा प्रवाशांना मोकळी झाली. ज्या शहरात उभं राहायला वीतभर जागा मिळाली तरी माणूस खूश होतो, तिथे ही सुधारणा लहान नाही.

मेट्रोत मोटर डब्यांचं प्रमाण बरंच जास्त असतं. मेट्रो-३ च्या आठ डब्यांपैकी सहा डब्यांना मोटरी आहेत, म्हणजे ७५ टक्के. लोकलमध्ये हे प्रमाण तिसरा हिस्सा. मेट्रो सुटताना झटकन वेग घेते आणि स्थानकात झटकन थांबते, त्याचं हे एक महत्त्वाचं कारण. ब्रेक लावताना याच मोटरी उलट काम करतात आणि वीज तयार करून तारेत परत पाठवतात. २००७ पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या विद्युत यंत्रणेच्या लोकलमध्येही ही सोय आहे. तिच्यामुळे सुमारे ३० टक्के वीज वाचते, असं सांगतात.

आता गणिताकडे येऊ. स्टेशनबाहेरच्या टपरीवर तासाला किती जणांना चहा मिळणार, हे ग्लास किती आहेत यावर ठरतंच, पण प्यायलेला ग्लास विसळून परत काउंटरवर किती लवकर येतो, यावरही ठरतं. रेकचंही तसंच. एक रेक निघून, पलीकडे पोहोचून, उलटा फिरून पुन्हा त्याच जागी यायला लागणारा वेळ घ्या. त्याला दोन गाड्यांमधल्या अंतराने भागा. जो आकडा येईल तेवढे रेक त्या वेळी रुळावर हवेत.

उदाहरणाला घाटकोपर–वर्सोवा मेट्रो-१ सोपी. लांबी ११.४ किलोमीटर आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला साधारण २१ मिनिटं. जाऊन-येऊन ४२. दोन्ही टोकांना गाडी फिरवायला मिळून सात मिनिटं धरली, तर एक चक्कर ४९ मिनिटांची झाली. गर्दीच्या वेळी दर साडेतीन मिनिटांनी गाडी हवी असेल, तर ४९ भागिले साडेतीन म्हणजे १४ रेक. या मार्गासाठी चीनमधून आणलेल्या चार डब्यांच्या गाड्या आहेत एकूण १६. म्हणजे एक दुरुस्तीला आणि एक अडीअडचणीला, संपलं. 'दर दोन मिनिटांनी सोडा' असं कितीही म्हटलं, तरी त्यासाठी २५ रेक लागतील. गर्दीने ओसंडणाऱ्या या मार्गावर चारऐवजी सहा डबे करा, अशी मागणी होते. त्यामागे हेच गणित आहे.

मेट्रो-३ चा हिशोब याहून मजेदार आहे. कफ परेड ते आरे हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. एका बाजूचा प्रवास तासाभराच्या आत होतो. फिरण्याचा वेळ धरून एक चक्कर ढोबळमानाने दोन तासांची समजू. दर पाच मिनिटांनी गाडी म्हणजे २४ रेक. दर चार मिनिटांनी म्हणजे ३०. आणि या मार्गासाठी आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीत बनलेले रेक आहेत ३१. चार मिनिटांवर गेलो, तर देखभालीसाठी हाताशी एकच रेक उरतो आणि असं रोज चालवणं कुणालाच परवडणार नाही. तीन मिनिटांसाठी तर ४० लागतील. पाच मिनिटांवरून चारवर यायला सहा रेक, चारवरून तीनवर यायला दहा. गाड्यांमधलं अंतर जसजसं कमी होतं, तसतसं पुढचं प्रत्येक मिनिट महाग पडत जातं.

याच गणिताला उलट बाजूही आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. पाच मिनिटांचं अंतर असताना चक्करीचा वेळ पाच मिनिटांनी कमी झाला, तर एक अख्खा रेक वाचतो. स्थानकात दरवाजे लवकर लागले, टोकाला गाडी पटकन फिरली, की रेक विकत न घेता रेक मिळतो. तेव्हा दारात बॅग अडकवून मित्राची वाट पाहणारा माणूस नेमकं काय वाया घालवत असतो, ते सांगायची गरज नाही.

लोकलला हेच लावून पाहा. चर्चगेट–विरार ६० किलोमीटर, स्लो गाडीला साधारण पावणेदोन तास. म्हणजे जाऊन-येऊन, थांबून चार तास. सकाळच्या गर्दीच्या सगळ्या वेळात विरार स्लोचा एक रेक एकच पूर्ण चक्कर मारतो. तोच रेक अंधेरीपर्यंतच फिरवला, तर त्याच चार तासांत त्याच्या दुपटीहून अधिक फेऱ्या होतात. अंधेरी आणि बोरिवलीला संपणाऱ्या गाड्या इतक्या का आणि पुढच्या इतक्या कमी का, याचं एक उत्तर हे. (विरार फास्टमध्ये बोरिवलीकरांनी चढावं की नाही, या वादात मी पडत नाही. तो वाद गणिताच्या पलीकडचा आहे.) कसारा तर सीएसएमटीपासून सुमारे १२० किलोमीटर. तिकडे पाठवलेला रेक सकाळी गेला तो गेलाच. शिवाय कल्याणच्या पुढे रूळच कमी आणि त्यांवर लांब पल्ल्याच्या गाड्या. कसारा-कर्जतच्या प्रवाशांची तक्रार अगदी खरी आहे, पण तिचं मूळ कुणाच्या आकसात नसून अंतरात आहे.

विकत घेतलेले सगळे रेक रोज रुळावर नसतात, हे वर ओझरतं आलंच. प्रत्येक रेक ठरावीक दिवसांनी कारशेडमध्ये तपासणीला जातो. ब्रेक, पेंटाग्राफची पट्टी, चाकांची झीज, दरवाजे, पंखे, सगळं बघितलं जातं. दीर्घ मुदतीने त्याची संपूर्ण खोलून दुरुस्ती होते, तिला 'पीओएच' (पीरियॉडिक ओव्हरहॉल) म्हणतात. मध्य रेल्वेची कारशेड कुर्ला, कळवा आणि सानपाड्याला आहेत, पश्चिम रेल्वेची मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरारला. मोठ्या दुरुस्तीसाठी माटुंगा आणि महालक्ष्मीचे कारखाने. त्यावर मुंबईचा पाऊस. २६ जुलै २००५ ला कित्येक रेक पाण्यात उभे राहिले आणि पाणी ओसरल्यावर मोटरी सुकवून, तपासून ते परत धावते करायला वेळ गेला.

लोकलच्या डब्यावर पडणारं ओझंही वेगळंच. रेल्वेच्या भाषेत तुडुंब गर्दीच्या पुढची एक पायरी खास मुंबईमुळे तयार झाली. दर चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं. एक चौरस मीटर म्हणजे लहान जेवणाच्या टेबलाएवढी जागा. इतक्या वजनाने स्प्रिंग दबतात, ब्रेक जास्त तापतात आणि मोटरींना जास्त ओढावं लागतं. डबा बारा फूट रुंद आहे, मेट्रोच्या डब्यापेक्षा बराच ऐसपैस, तरी ही अवस्था.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कमी चर्चिली जाणारी गोष्ट पुढे आहे. शहराकडे एकूण रेक किती, या आकड्याला एकट्याला फारसा अर्थ नाही. ते एकमेकांच्या मदतीला किती येऊ शकतात, ते बघायला हवं.

लोकलचं कुटुंब याबाबतीत भाग्यवान. मध्य, हार्बर, पश्चिम, सगळीकडे रूळ ब्रॉडगेजचे, १,६७६ मिलिमीटरचे, एकमेकांना जोडलेले आणि आता वीजही एकच, २५ हजार व्होल्ट एसी. (हा एसी थंड हवेचा नव्हे, दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा; डीसी वीज एकाच दिशेने वाहते.) पण ही एकी मिळवायला बरीच वर्षं लागली. मुंबईत मुळात १,५०० व्होल्ट डीसी वीज होती. ती बदलायची, तर गाड्या न थांबवता बदलायची होती. जुने डीसी रेक एसी तारेखाली चालणार नाहीत आणि नुसते एसी रेक डीसीखाली. म्हणून दोन्हींवर चालणारे रेक आधी आणावे लागले. मग तुकड्यातुकड्याने तारा बदलल्या. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ ला उरकलं, मध्यची मुख्य लाइन २०१५ मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये. तेव्हा शेवटची डीसी लोकल धावली आणि जुन्या रेकची एक पिढी निवृत्त झाली.

या एकीचा फायदा लगेच दिसला. बंबार्डियरच्या यंत्रणेचे नवे रेक पश्चिम रेल्वेवर आले, तेव्हा तिथले सीमेन्सचे रेक मध्य रेल्वेकडे आणि हार्बरकडे पाठवता आले. नवी गाडी एका मार्गाला मिळते, तिची जुनी दुसऱ्याला आणि त्याची सर्वांत जुनी भंगारात. हार्बरच्या प्रवाशाला यात दुसऱ्याची उतरण घातल्यासारखं वाटतं खरं, पण त्यामुळेच एका मार्गावर खर्च केलेल्या पैशाचा थोडा लाभ तिघांनाही मिळतो.

मेट्रोंचं तसं नाही. मरोळ नाक्याला तुम्ही मेट्रो-१ मधून उतरून मेट्रो-३ पकडू शकता. गाडीला मात्र ते शक्य नाही. एक रूळ डोक्यावर, दुसरा पायाखाली आणि मध्ये जोड नाही. दोन्ही १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजच्या, दोन्हींना २५ हजार व्होल्ट, तरी एकीकडे चिनी बनावटीचे चार डबे आणि दुसरीकडे अल्स्टॉमचे आठ. सिग्नलची यंत्रणा वेगळी, सुटे भाग वेगळे, चालवणाऱ्या संस्था वेगळ्या. दहिसरहून निघणाऱ्या २अ आणि ७ या मार्गिका तेवढ्या नशीबवान. दोघींना बेंगळुरूच्या बीईएमएलचे सारखेच सहा डब्यांचे रेक आणि चारकोपचा एकच डेपो. एकीकडे रेक कमी पडला, तर दुसरीकडचा वळवता येतो. नवी मुंबईच्या बेलापूर–पेंधर मेट्रोचे तीन डब्यांचे रेक आणखी निराळे. घरात चार भावांच्या चार गाड्या आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागत नाही, असा प्रकार.

रूळ जोडलेले नसल्याने मेट्रोचे डबे शहरात येतातही गंमतीशीर. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेली लोकल रुळांवरूनच इंजिनामागे लागून मुंबईला पोहोचते. मेट्रोचा डबा मात्र लांबलचक ट्रेलरवर झाकून, महामार्गावरून, रात्री शहरात शिरतो आणि डेपोत क्रेनने रुळावर उतरवतात.

एकट्या पडलेल्या रेकचं काय होतं, ते मोनोरेलने दाखवून दिलं. २०१४ मध्ये चेंबूर–वडाळा असा पहिला टप्पा सुरू झाला, २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. रेक मलेशियाच्या स्कोमी कंपनीचे, चार डब्यांचे. काँक्रीटच्या एका तुळईला दोन्ही बाजूंनी पकडून धावणारी ही गाडी देशात दुसरीकडे कुठेच नाही. त्यामुळे कंत्राट मोडल्यावर सुटे भाग आणायचे कुठून, हा प्रश्न पडला. धावणाऱ्या रेकची संख्या घटत गेली आणि गाड्यांमधलं अंतर वाढत गेलं. जे थोडे रेक चालत होते त्यांवर एरवी गर्दी नसायची, पण १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात लोकल बंद पडली आणि माणसं मोनोकडे धावली. १०४ टनांची क्षमता असलेल्या रेकमध्ये सुमारे १०९ टन भार झाला. वजनामुळे वीज घेणारी पट्टी आणि वीज देणारी पट्टी यांचा संपर्क सुटला आणि म्हैसूर कॉलनीजवळ गाडी हवेत अडकली. अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसं उतरवली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सेवाच थांबवून नवे रेक आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं. पाच टन म्हणजे फार तर सत्तर-ऐंशी माणसं. लोकलने ती नुसती दारात सामावून घेतली असती.

दाराचा विषय निघालाच आहे. लोकलची दारं उघडी असल्यामुळे ती स्थानकात वीस-तीस सेकंदांत निघू शकते, कारण दार लागायची वाट पाहायची नसते. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. तिची दारं आपोआप लागतात. समजा त्यात दर थांब्याला १५ सेकंद जादा गेले. चर्चगेट–विरार स्लोला मधले थांबे २७. म्हणजे पावणेसात मिनिटं. मागून तीन-चार मिनिटांवर दुसरी गाडी असताना ही पावणेसात मिनिटं आणायची कुठून? शिवाय रुळांवर जादा जागा नसल्याने एसी फेरी बहुतेक वेळा साध्या फेरीच्या जागीच येते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवासी रुळांवर उतरले, ते याच कारणाने. रोजची साधी गाडी गेली आणि तिच्या जागी महागड्या तिकिटाची आली. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांना थंड हवा नको होती असं नाही. त्यांना त्यांची गाडी हवी होती.

आणि तरीही दारं लागायलाच हवीत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडून जीव गेले. त्यानंतर रेल्वेने साध्या, बिगर-एसी लोकललाही आपोआप लागणारी दारं बसवायचं जाहीर केलं. अडचण हवेची आहे. दारं बंद केली, तर इतक्या माणसांना श्वास कसा पुरणार? म्हणून दारांना झडपा, छतावरून हवा आत ढकलणारे पंखे आणि डब्याडब्यांना जोडणारी वाट, अशी रचना आखली. तांत्रिकदृष्ट्या हे एसीपेक्षा अवघड आहे, असं मला वाटतं, कारण एसी डब्यात निदान हवेचा हिशोब ठरलेला असतो.

फेऱ्या न वाढवता माणसं जास्त नेण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डबे वाढवणं. बाराचे पंधरा केले, की त्याच मोटरमनने, त्याच सिग्नलवर थेट सव्वापट माणसं नेता येतात. पश्चिम रेल्वेने २००९ पासून पंधरा डब्यांच्या गाड्या चालवल्या आणि २०२१ मध्ये अंधेरी–विरार स्लो मार्गावरही त्या आणल्या. त्यासाठी फलाट लांबवावे लागले, सिग्नल सरकवावे लागले. दक्षिण मुंबईत मात्र फलाटाच्या टोकाला कुठे पूल, कुठे रस्ता, कुठे इमारत. तिथे तीन डब्यांची जागा काढणं हे रेक विकत घेण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

जागेचा प्रश्न रात्रीही सुटत नाही. दिवसभर धावलेला रेक रात्री कुठेतरी उभा करावा लागतो आणि तोही अशा ठिकाणी, की पहाटे पहिली गाडी वेळेवर निघेल. मेट्रो-३ च्या कारशेडवरून आरेत काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, मग कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, त्याला न्यायालयाची स्थगिती आली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत परतलं. त्या वादात कारशेड म्हणजे काहीतरी जादा सोय असल्यासारखं कित्येकजण बोलत होते. रेक उभे करायला जागाच नसेल, तर तेवढे रेक घेताच येत नाहीत.

लोकलसाठी २३८ नव्या एसी रेकची योजना आहे. त्यातले ४७ एमयूटीपी-३ मधले आणि १९१ एमयूटीपी-३अ मधले. (एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या वाहतूक सुधारणेचा टप्प्याटप्प्याने चाललेला प्रकल्प.) ते ठेवायला शहरात जागा उरलेली नाही, म्हणून नवी कारशेड भिवपुरी आणि वाणगावला आखली आहेत. भिवपुरी कर्जतच्या अलीकडे, वाणगाव डहाणूजवळ. म्हणजे पहाटे रिकामा रेक विरारपर्यंत आणायलाच लांबचा पल्ला आणि विरार–डहाणू पट्ट्यात रूळ दोनच, त्यांवर गुजरातकडच्या गाड्या आणि मालगाड्या. तिथलं चौपदरीकरण एमयूटीपी-३ मध्येच आहे. ते आधी पुरं झालं, तरच वाणगावच्या कारशेडचा उपयोग. नाहीतर नवे रेक सकाळी मालगाडी पुढे जायची वाट बघत सिग्नलला उभे राहतील.